चालीची जागा

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. ठिकाण: बबनअण्णांची बिल्डिंग, मारुंजी, दुसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली. हजर: बबनअण्णा (बास), रोहिणी (ट्रेबल), मी (काउंटर). चाल: कोणी नाही.

हजेरी मांडायची सवय मला नोकरीने लावली. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी अ‍ॅडमिन सांभाळते. कोणाचं कार्ड बंद पडलं, कोणत्या मजल्यावर पाणी नाही, कोण रजेवर आहे, हे दिवसभर लिहीत असते. माणसं चार आणि त्यांची हजेरी कशाला, असं रोहिणी सुरुवातीला म्हणाली होती. आढावबाई म्हणाल्या, "मांडू दे तिला. कोण नव्हतं ते लक्षात राहिलं पाहिजे."

आढावबाई म्हणजे आमच्यातली 'चाल'. त्या गेल्याला आता महिना होत आला.

नगर जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात त्यांनी रेक्टर म्हणून सगळी नोकरी काढली. त्यांचे यजमान, आढावसर, तिथेच कारकून होते. सर गेल्यावर मुलगा नितीन त्यांना इकडे घेऊन आला. तो आमच्याच सोसायटीत राहतो, माझ्या वरच्या मजल्यावर. बाईंचा बांधा आडवा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की फोनवर हमखास लोक त्यांना 'सर' म्हणायचे. त्या दुरुस्त करत नसत. "त्यांचं काम होतंय ना, मग झालं," म्हणायच्या.

आमची ओळख टँकरच्या भांडणात झाली. उन्हाळा होता, टँकर उशिरा आला होता आणि पार्किंगमध्ये बैठक भरली होती. सगळे एकदम बोलत होते. मी विंगवार नावं वाचून एकेकाला बोलायला लावत होते. बैठक संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. पाण्याबद्दल काही बोलतील असं वाटलं.

"तुमचा आवाज मधला आहे," त्या म्हणाल्या. "ओरडताना वर चढत नाही. मधल्या आवाजाच्या बायका मिळत नाहीत हो. सगळ्यांना वर जायचं असतं."

"मला गाता येत नाही."

"येत नाही तेच बरं. रविवारी संध्याकाळी काय करता?"

रविवारी संध्याकाळी मी सोमवारची यादी करायचे. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "यादी शनिवारी करा."

त्यांना जे गायचं होतं ते मी कधी ऐकलं नव्हतं. अमेरिकेत आगगाडीसुद्धा पोचली नव्हती त्या काळात तिथल्या लहान लहान गावांत लोकांनी स्तोत्रांना चाली लावल्या. आवाज चार, वाद्य एकही नाही, कारण त्या गावांतल्या प्रार्थनाघरांत वाद्य नसायचंच. वसतिगृहाच्या कपाटात अशा चालींचं एक आडवं पुस्तक होतं, कोण्या अमेरिकन बाईंनी मागे ठेवलेलं. गायचे शब्द मराठी, स्वर त्यांचे. आढावबाईंनी त्याच्या झेरॉक्स करून आणल्या होत्या. कागदावरच्या स्वरखुणांची डोकी कुठे त्रिकोणी, कुठे चौकोनी, कुठे गोल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आकार बघून गावं, म्हणून.

त्या गाण्यांत मुख्य चाल सगळ्यांत वरच्या आवाजात नसते. ती आत असते, पुरुषांच्या पट्टीत. वर ट्रेबल, मध्ये काउंटर, तळाला बास, आणि या तिघांच्या आत चाल. म्हणून त्या आवाजालाच बाई 'चाल' म्हणत. ऐकणाऱ्याला ती सहज सापडत नाही. बाईंचा आवाज जाड, त्यामुळे ती जागा त्यांची.

ट्रेबलला त्यांनी रोहिणीला पकडलं. ही अकोल्याची, एका कंपनीत टेस्टिंगला, जांबे गावातल्या एका खोलीत मैत्रिणींबरोबर राहणारी. बाईंना ती चर्चमध्ये भेटली. तिथे गाणी कीबोर्ड आणि गिटारवर चालतात, छान चालतात. बाईंनी त्यांना नावं ठेवलेली मी कधी ऐकली नाहीत. "ते ताज्या माणसांचं गाणं आहे," एवढंच म्हणायच्या. "हे दमलेल्यांचं. ज्यांनी ह्या चाली केल्या ते दिवसभर कातडी कमवायचे, लाकूड तासायचे. संध्याकाळी जेवून गायला बसायचे." मग माझ्याकडे वळल्या, "वंदना, दमलीस का?"

"हो."

"मग बरोबर जागी आलीस. बस."

दमलेली मी रोजच असायचे. रोहिणीही. हिंजवडीचा सिग्नल, घर, पुन्हा सिग्नल. त्या खोलीत कोणी आम्हाला 'कशी आहेस' विचारत नसे आणि उत्तर हसतमुख द्यावं लागत नसे. बाई घशातून एक स्वर देत, आम्ही आपापला स्वर त्यावरून काढत असू, आणि बाईंचा हात खाली-वर सुरू होई. खाली, वर. तोच ताल.

खोलीचं सांगायचं राहिलं. बबनअण्णांची मारुंजीत जमीन होती. आता त्यावर चार मजले आहेत, एकेका खोलीचे भाडेकरू, सगळे आयटीवाले. कोणी सोडून गेलं की नवं येईपर्यंत खोली रिकामी असते. ती खोली आमची. कधी तळमजल्याची, कधी वरची. रिकाम्या खोलीत आवाज चांगला घुमतो. सगळ्या खोल्या भरल्या की आमचं गाणं पार्किंगमध्ये, बाईकच्या मधे. खोल्या रिकाम्या पडल्या की अण्णा चिंतेत आणि बाई खुशीत.

सुरुवातीला आम्ही तिघीच होतो. बास नव्हता. मला वाटलं, बाई चाल बाजूला ठेवून बासच्या ओळी स्वतः म्हणतील, नाहीतर मोबाइलवर वाजवतील. रोहिणीने तर एक अ‍ॅपही शोधलं होतं. बाईंनी नको म्हटलं. बासची ओळ एकटी सुरू होते तिथे आम्ही तिघी गप्प बसून फक्त हात खाली-वर करायचो, ती ओळ संपेपर्यंत. मग आमचा आवाज.

"तिथे कोणीतरी आहे असं समजून गायचं का?" रोहिणीने विचारलं.

"नाही. तिथे कोणी नाही, हे समजून गायचं."

हा त्यांचा नियम. रोहिणीच्या कंपनीत रिलीज असलं की ट्रेबलची जागा रिकामी, मला ताप आला की काउंटरची. कोणी कोणाची जागा भरायची नाही. वसतिगृहात म्हणे सुट्टीवर गेलेल्या मुलीचं ताटसुद्धा मांडलं जायचं, उपडं.

दुसरा नियम नावांचा. त्या जुन्या लोकांनी चालींना आपापल्या गावांची नावं दिली होती. स्तोत्राचा आणि गावाचा काही संबंध नाही, गाव आपलं म्हणून. बाईंनी ती नावं खोडली. "त्यांनी त्यांची गावं घातली, आपण आपली घालू." पण नाव फुकट मिळायचं नाही. चारही आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता म्हटले गेले की त्या दिवशी बारसं. तोवर ती बिननावाची.

बास आल्यावर नावं मिळायला लागली. बास म्हणजे स्वतः बबनअण्णा. ते किल्ली न्यायला यायचे आणि दारात उभे राहायचे. गावच्या भजनात त्यांची जागा पक्की, आवाज विहिरीतून यावा तसा. एकदा असेच उभे होते. आम्ही बासच्या जागी गप्प बसून हात हलवत होतो.

"बाई, हितं काय हुतंय?" त्यांनी विचारलं. "तिघी बी गप, आन् हात मातर चालू."

"इथे बास आहे. आमच्याकडे तो नाही."

"मग टाळ न्हाई, पेटी न्हाई, मानूस बी न्हाई. हाय काय तुमच्याकडं?"

"खोली आहे. तुमची."

अण्णा चप्पल काढून आत आले ते बसलेच. पहिल्या दिवशी त्यांना फा-सोल-ला म्हणायला लावलं. शब्दांच्या आधी स्वरांची नावं म्हणायची पद्धत आहे, आणि त्या लोकांकडे नावं चारच, फा, सोल, ला आणि 'मी', तीच पुन्हा पुन्हा.

"सात सुरांना चार नावं?" अण्णा म्हणाले. "लई काटकसरी मानसं दिसत्यात."

पहिलं नाव 'जांबे'. ती चाल साधी, चौघांनी एकदम चालायचं. मग 'पौड'. मग 'पिरंगुट', ती लांब आणि तिथल्या रस्त्यासारखी मधे अडकणारी, म्हणून नाव अण्णांनीच सुचवलं. 'मारुंजी' जमली तेव्हा अण्णांनी घरून शिरा मागवला. पातेलं घेऊन अण्णांच्या घरच्या काकू वर आल्या, बाईंशेजारी मांडी घालून बसलेल्या नवऱ्याला बघून म्हणाल्या, "देवळात कवा येवडा सरळ बसत न्हाईस."

एक चाल मात्र नावाविना राहिली. डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणारं जे स्तोत्र आहे, त्याची. ती बाईंची. वसतिगृहात दर शनिवारी व्हायची, मुली तीन आवाजांत आणि आढावसर बास. सर गेल्यानंतर ती चार आवाजांत बाईंनी ऐकली नव्हती. त्यांनी हे आम्हाला लपवून वगैरे ठेवलं नाही, अगदी सरळ सांगितलं. "मला ही एकदा पूर्ण ऐकायची आहे. बाकी मला काही नको. नितीनला पण सांगितलंय, मला सहलीला नेऊ नकोस, साडी आणू नकोस."

पुढची दोन वर्षं आम्ही तीच करत होतो.

अडचण अण्णांची होती. ह्या चालीत पुढे एक पळापळीचा भाग आहे. बास एकटा सुरू करतो. त्याची ओळ झाली की चाल तेच शब्द घेऊन मागून निघते, मग ट्रेबल, मग काउंटर, आणि तोवर बास आपला पुढच्या शब्दांत गेलेला असतो. सगळे एकमेकांच्या मागे, आणि शेवटी एकत्र पोचायचं.

अण्णा आपली ओळ खणखणीत म्हणायचे आणि थांबायचे. डोळे मिटून, हात वर धरून. बाई मागून निघाल्या की मान डोलवायचे. रोहिणी निघाली की तिच्याकडे बघून हसायचे. माझी ओळ झाली की 'हां' म्हणून पुढची घ्यायचे. तोवर आम्ही तिघी कुठेतरी भलतीकडे.

"अण्णा, थांबू नका."

"अवो, मागचे म्हनत्यात की. त्यांचं हुईस्तवर थांबाया नको? भजनात म्होरला थांबतोच."

"इथे तुम्ही पुढे जायचं. आम्ही मागून येतो."

"मागं वळून बगायचं न्हाई?"

"नाही."

"कोन आलं, कोन ऱ्हायलं?"

"नाही."

अण्णांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मानुसकी न्हाई ह्या चालीत."

बाई हसल्या. त्या क्वचित हसायच्या. हसल्या की आवाज न होता नुसते खांदे हलायचे. बराच वेळ हलले.

पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. दर रविवारी तोच भाग. अण्णा गायला लागले की त्यांच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि ओळ संपताना हलकेच पुढे ढकलायच्या, पाण्यात उतरायला घाबरणाऱ्याला ढकलावं तसं. अण्णा थांबायचे. भजनात मुरलेला माणूस, बाकीच्यांना सोडून पुढे जायला त्याचा गळा तयार नव्हता. मी एकदा वैतागले. रोहिणीला बंगळूरची ऑफर होती आणि ती कधी जाईल याचा भरवसा नव्हता. मी बाईंना म्हटलं, दुसरा कोणी बास बघू, कंपनीत विचारते.

"अण्णांचं काय करायचं मग?" त्या म्हणाल्या. "उभं करायचं का पुन्हा दारात, किल्ली घेऊन?"

डिसेंबरात सोसायटीने कार्यक्रम ठेवला आणि आम्हाला बोलावलं. स्टेज, माईक, लायटिंग. बाईंनी माईक नाकारला आणि आम्हाला चौकोनात उभं केलं, तोंडं आत, एकमेकांकडे. ही पण त्या लोकांचीच रीत. प्रेक्षकांना चार पाठी दिसत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "रुसलेत का हे?" आणि बरेच लोक हसले. 'पिरंगुट' नीट झालं. टाळ्या तोंडदेखल्या पडल्या. सेक्रेटरी नंतर बाईंना म्हणाले, "काकू, छान होतं, पण मेन चाल कुठली ते कळलंच नाही."

"मधे होती," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी आत येऊन उभे राहा."

सेक्रेटरींना तो विनोद वाटला. बाईंनी तो विनोद म्हणून केला नव्हता.

त्याच महिन्यात बाईंना धाप लागायला लागली. जिन्याच्या दोन पायऱ्यांनंतर थांबायच्या आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून भिंतीवरचं मीटर वाचल्यासारखं करायच्या. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, आराम सांगितला. नितीनने त्यांना नगरला बहिणीकडे न्यायचं ठरवलं, तिथे घर तळमजल्यावर आहे. त्याआधीचा शेवटचा रविवार आम्ही मागून घेतला. खोली नेमकी दुसऱ्या मजल्यावरची रिकामी होती. अण्णांनी आणि नितीनने त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं.

"पालखी निगाली," अण्णा म्हणाले.

"हळू बोला," बाई म्हणाल्या, "भोई धापा टाकतोय."

त्या खोलीच्या खिडकीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, मुळशीकडचे डोंगर दिसतात. धुरकट होते त्या दिवशी. बाईंनी स्वर दिला. आधी फा-सोल-ला. मग शब्द. पहिला भाग चौघांचा एकत्र, तो नीट गेला. मग बास.

अण्णांनी ओळ म्हटली. ती संपली. आणि ते थांबले नाहीत. डोळे घट्ट मिटून, कोणीतरी मागे लागल्यासारखे, ते पुढच्या शब्दांत गेले. मी आणि रोहिणीने एकमेकींकडे बघितलं. झालं, हे झालं, असं आम्हा दोघींच्या एकदम मनात आलं असणार.

बाईंची ओळ सुरू व्हायची होती. त्यांचं तोंड उघडलं, श्वास आत गेला, पण आवाज आला नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न केला असता तर कदाचित आला असता. त्यांनी केला नाही. तोंड मिटलं आणि हात चालू ठेवला. खाली, वर. अण्णांना काहीतरी चुकल्याचं कळलं, डोळे उघडून त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी दुसऱ्या हाताने त्यांना पुढे व्हा अशी खूण केली. अण्णा गेले पुढे. रोहिणी आली, मी आले, आणि आम्ही तिघं शेवटाला पोचलो. आत चाल नव्हती. नुसते वरचे, मधले आणि तळाचे स्वर, भिंती उभ्या आणि घर नाही असे.

मग रोहिणी म्हणाली, "बाई, न थांबता झालं. नाव द्यायचं ना?"

"तीनच आवाज होते," बाई म्हणाल्या.

"पन बाई, मी थांबलो न्हाई," अण्णा म्हणाले.

"नाही थांबलात. बघितलं मी." बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सर पण पहिल्यांदा असेच डोळे मिटून गायले होते. पुढच्या वेळी उघडे ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा नितीनची गाडी गेटमध्ये उभी होती. समोर टँकर आडवा लागला होता आणि ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता. बाई मागच्या सीटवर उशीला टेकून होत्या. मी काचेपाशी गेले. काच बंद होती, एसी चालू असावा. त्यांनी मला बघितलं नाही. डोळे समोर टँकरवर, आणि खिडकीशी टेकवलेला हात खाली-वर होत होता, आमच्याच गतीने. ओठ हलत नव्हते. मी थोडा वेळ थांबून तो हात बघितला. टँकर हलला, गाडी गेली. मला उशीर झाला होता.

नगरला त्या फार दिवस राहिल्या नाहीत, जानेवारीतच गेल्या.

परवाच्या रविवारी आम्ही तिघं जमलो. जमावं की नाही हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मी रिकाम्या खोलीत चौकोनाच्या चार बाजूंना चार खुर्च्या ठेवल्या. स्वर कोण देणार हा प्रश्न आला, तो रोहिणीने दिला, जरा वर लागला. आम्ही 'जांबे' म्हटलं, 'पौड' म्हटलं. दोन्हींत चालीची जागा रिकामी ठेवली. मग अण्णा म्हणाले, "डोंगराची घेऊ."

त्याआधी ते नावाचं बोलले. "बाईंचंच नाव देऊ की तिला. कोन इचारतंय?"

"नाव गावाचं असतं अण्णा," रोहिणी म्हणाली. "आणि चारही आवाज झाल्याशिवाय नाही."

"म्हंजी कवा?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चाल म्हणणारं कोणी मिळालं की.

आम्ही सुरू केलं. पहिला भाग गेला. अण्णांची ओळ आली. ती त्यांनी डोळे उघडे ठेवून म्हटली, नीट, घाई न करता. ओळ संपली आणि अण्णा थांबले. हात वर धरून, जुन्या सवयीने, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. मागचा आवाज निघायची वाट बघत.

त्यांना पुढे जा म्हणायचं काम माझं किंवा रोहिणीचं होतं. आम्ही दोघी नुसता हात खाली-वर करत राहिलो. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी बाईक सुरू केली आणि ती बाहेर पडेपर्यंत अण्णा तसेच होते. मग त्यांनी हात खाली घेतला.

चालीसाठी कोणीतरी शोधायचं आहे. जाड आवाज, बाई किंवा पुरुष, रविवारी संध्याकाळी मोकळं. कंपनीच्या बोर्डावर लावायचं मी दोनदा ठरवलं, अजून लावलेलं नाही. डोंगराच्या त्या चालीलाही नाव द्यायचं राहिलं आहे.